आई लिहून काढताना

तेराव्याला वाटल्या जाणाऱ्या पत्रकावर आईचा फोटो असतो, जन्ममृत्यूच्या तारखा असतात आणि खाली चार विशेषणं असतात : प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, सगळ्यांना सांभाळून घेणारी. पेपरातल्या निधनवार्तेत तेवढीही जागा नसते. तिथे ‘त्यांच्या पश्चात दोन मुले, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ एवढ्यावर भागतं. यातलं काहीच खोटं नसतं. पण तेच पत्रक शेजारच्या घरातल्या आईच्या फोटोखाली छापलं तरी कुणाला फरक कळणार नाही. चाळीस-पन्नास वर्षं एक अख्खं घर चालवलेल्या बाईची एवढीच खूण मागे राहावी, हे मला पटत नाही.

आईचं आयुष्य घरच्यांनीच लिहून काढावं, असं माझं म्हणणं आहे. त्यासाठी लेखक असावं लागत नाही. एक दोनशे पानी वही, एक मोबाइल आणि विचारत राहण्याची चिकाटी एवढं पुरतं. ती हयात असेल तर याच आठवड्यात सुरुवात करा. गेली असेल तर तिला ओळखणारी माणसं आहेत तोवर करा. तिची धाकटी बहीण, जुनी शेजारीण, कामावरची सोबतीण यांची वयंही आता वाढलेली असतात.

सुरुवात गुणांपासून करू नका. ‘आई फार कष्टाळू होती’ हे वाक्य एकदा लिहिलं की पुढे सुचत नाही. त्याऐवजी तिच्या हातांनी कोणतं काम केलं ते लिहा आणि बारकाईने लिहा. आपल्या सोलापुरात बायकांच्या हाताला काम कधी कमी नव्हतं. पूर्व भागात घरोघरी विड्या वळल्या जायच्या, आजही जातात. तुमची आई विड्या वळत असेल तर तिचा एक दिवस पहाटेपासून कागदावर उतरवा. पानं भिजवून ओल्या फडक्यात कोण बांधून ठेवायचं? पत्र्याच्या फर्म्यावर पान ठेवून कापताना ती घरात नेमकी कुठे बसायची, उजेडासाठी दारात की दिव्याखाली? तंबाखूचं सूप मांडीवर असताना रडणाऱ्या पोराला कोण घ्यायचं? विडी कंपनीच्या ब्रँचवर विड्या द्यायला ती कोणाबरोबर जायची, आणि खराब म्हणून विड्या बाजूला काढल्या त्या दिवशी घरी येऊन काय बोलायची? वडील हातमागावर असतील तर कांड्या भरायचं काम बहुधा तिच्याकडेच असेल. त्या कामाची मजुरी वेगळी मिळाली नाही म्हणून ते काम नव्हतं असं होत नाही. गिरणीत कुणी असेल तर भोंग्यावर डबा तयार ठेवणं हीसुद्धा नोकरीच होती. जुनी मिल, नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर या शहरातल्या बायकांनी वर्षानुवर्षं चुली पेटवल्या. गिरण्यांचा इतिहास लिहिला गेला, त्या चुलींचा फारसा नाही.

विचारण्याची एक पद्धत असते. ‘आई, तुझं लहानपण कसं होतं गं?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘कसं असणार, गरिबी होती.’ प्रश्न मोठा असला की उत्तर आखूड येतं. त्यापेक्षा लहान विचारा. पाणी कुठून आणायचीस? पहिली खेप किती वाजता व्हायची? घागर पितळेची होती की मातीची? सासरी आल्यावर पहिल्या दिवशी कुणी काय करायला सांगितलं? सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पाणी येण्याच्या दिवशी घरातला कोणता पिंप आधी भरायचा, कोणी अंघोळ उरकायची, कपडे कधी भिजवायचे, हे कोण ठरवत होतं ते आठवून पाहा. घराचा कारभार कुणाच्या हातात होता, हे त्या एका दिवसात दिसतं.

पैशांबद्दलही विचारा, न लाजता. आपल्याकडे हिशेब पुरुषांचा असतो असं सगळे धरून चालतात. पण डब्याच्या तळाशी, पदराच्या गाठीला, भिशीत आणि पुढे बचत गटात पैसा कोण साठवत होतं? किराणा दुकानाची उधारी कोणी फेडली? कोणाच्या फीसाठी बांगड्या गहाण पडल्या आणि त्या सुटल्या का? ‘माझं शिक्षण आईमुळे झालं’ असं आपण सगळेच म्हणतो. त्यात बांगड्या, सावकार किंवा पतपेढी आणि परतफेडीचे महिने आले की ते वाक्य खरं वाटायला लागतं.

तारखांचा घोळ जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी नाव दाखल करताना घातलेली असते. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून १ जून. शाळेत न गेलेल्या बायकांची तर तीही नाही. अशा वेळी साल विचारू नका, घटना विचारा. बाहत्तरच्या दुष्काळात तू किती मोठी होतीस? खडी फोडायला गेली होतीस का, सुकडी खाल्लीस का, मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची? त्या वेळी कोणतं मूल कडेवर होतं? एवढ्या प्रश्नांत तिचं वय, लग्नाचं साल आणि मुलांचा क्रम लागत जातो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तर आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. गणपती विसर्जन उरकून लोक झोपले होते आणि किल्लारीचा भूकंप सोलापूरलाही हलवून गेला. त्या रात्री घरात कोण कोण झोपलं होतं, हे विचारलं की त्या वर्षीचं अख्खं कुटुंब समोर येतं. आजीच्या पिढीसाठी खुणा वेगळ्या. १९३० चा सोलापुरातला मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, रझाकारांच्या भीतीने निजामाच्या हद्दीतून इकडे आलेले नातेवाईक, सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने निघालेली फौज. यातलं तिने स्वतः पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती, ते वेगवेगळं लिहा. दोन्ही मोलाचं आहे, पण एकात एक मिसळू नका. महिना लागत नसेल तर आपल्याकडे सोपा प्रश्न आहे : गड्ड्याच्या जत्रेच्या आधी की नंतर?

तिचं नाव हा मोठा मुद्दा आहे. अनेक घरांत लग्नात नाव बदललेलं असतं आणि नातवंडांना आजीचं माहेरचं नाव माहीतच नसतं. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही नावं लिहा, माहेरचं गाव आणि तिच्या आईचंही नाव लिहा. घरात तिला कोण काय हाक मारायचं तेही लिहा. एकत्र कुटुंबात स्वतःच्या मुलांनीही आईला वहिनी किंवा काकू म्हणायची पद्धत होती. लिंगायत घरांत ती अव्वा असते, पद्मशाली घरांत अम्मा. आपल्या भागात हेळवी येतात आणि वंशावळ वाचून दाखवतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पूर्वजांची नावं सापडतात. ही कागदपत्रं जरूर पाहा, त्यांचे फोटो घ्यायला परवानगी मागा. पण त्यांत साखळी बहुधा बापाकडून मुलाकडे जाते. तुमची आई तिथे असलीच तर कोणाची तरी बायको म्हणून असेल. तिच्या बाजूची साखळी तुम्हालाच जुळवावी लागेल : तिची आई, तिची आजी, मावश्या, आत्या. त्यासाठी एक फेरी तिच्या माहेरच्या गावाला मारा आणि शक्य असेल तर तिला बरोबर घेऊन जा. जुन्या घराच्या उंबऱ्यावर ती जे बोलेल ते फ्लॅटच्या सोफ्यावर बसून बोलणार नाही.

आता स्वयंपाक. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आईच्या आठवणीत लोक पाककृती लिहितात आणि हमखास अर्धवट लिहितात. प्रमाण विचारलं की ती ‘अंदाजानं’ म्हणते. तो अंदाज मोजता येतो. तिला नेहमीसारखी मूठ भरू द्या, ती ताटलीत रिकामी करून घ्या आणि वजनकाट्यावर ठेवा. तिची वाटी मोजून ठेवा, चमचा मोजून ठेवा. मोबाइलवर चित्रण करताना चेहऱ्यापेक्षा हातावर कॅमेरा धरा. शेंगाची चटणी घ्या. दाणे मंद आचेवर भाजायचे, लसूण, जिरं, मीठ, लाल तिखट घालून उखळात कुटायचं, हे कोणीही सांगेल. माझी आई कुटताना चटणीकडे बघायचीसुद्धा नाही, आवाज ऐकायची. सुरुवातीला दाणा फुटल्याचा कोरडा आवाज येतो. तेल सुटायला लागलं की मुसळ चिकटतं, आवाज दबतो, आणि तिथे थांबायचं. आणखी कुटली की चटणीचा लगदा होतो. कोरडीही नको आणि लगदाही नको, या दोहोंमधली जागा तिला कानाने कळायची. मिक्सरवर ही जागा सापडत नाही, असं तिचं ठाम मत होतं. तुमच्या घरी शेंगापोळी असेल, वेळ अमावस्येची भज्जी आणि आंबील असेल, हुग्गी असेल, महिनाभर टिकणारी कडक भाकरी असेल. पदार्थाबरोबर तो कधी व्हायचा, कोणासाठी डबा बाजूला काढला जायचा आणि कोणाच्या घरी पहिला जायचा, हेही लिहा. डबा कोणाच्या दारी जात होता त्यावरून घराची खरी नाती समजतात.

भाषेबद्दल एक आग्रह. सोलापुरात आई तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलते आणि मुलांचं शिक्षण मराठीत झालेलं असतं, अशी घरं पुष्कळ आहेत. ध्वनिमुद्रण तिच्याच भाषेत करा. ‘आई, मराठीत सांग’ म्हणू नका. दुसऱ्या भाषेत गेली की ती शाळेत उभी राहिल्यासारखी बोलते. लिपी येत नसेल तर तिचे शब्द देवनागरीत लिहा आणि अर्थ शेजारी लिहून ठेवा. मराठी बोलणाऱ्या आईच्या बाबतीतही तिची बोली शुद्ध करत बसू नका. ती ‘आलते, गेलते’ म्हणत असेल तर वहीतही तसंच राहू द्या. माहूदला जन्मलेल्या, आपल्याच जिल्ह्यात शिक्षिका झालेल्या शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८६ साली पुस्तक म्हणून आलं आणि पुढे त्यावर ‘नाजुका’ ही दूरदर्शन मालिकाही झाली. त्या पुस्तकाचं नुसतं नाव वाचलं तरी आवाज कोणाचा आहे ते कळतं. निवृत्तीनंतर लिहायला बसलेल्या त्या आई होत्या, आणि त्यांनी आपली बोली घराबाहेर ठेवली नाही.

सगळ्याच आया लिहू शकत नाहीत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या गाणी रचत, आणि सोपानदेव व पितांबर चौधरी यांनी ती टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झाली. ती वही नसती तर असोद्याच्या त्या माउलीचं नाव आज घरच्यांपलीकडे कोणाला ठाऊक असतं? आपली आई कवयित्री नसेल, पण जात्यावरची ओवी, पाळणा, भोंडल्याचं किंवा लग्नातलं गाणं तिच्याकडे असतंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यातल्या अनेक आज ‘पारी’ या संग्रहात ऐकता येतात. या ओव्या बहुतेक अशाच साध्या घरांतल्या बायकांच्या आहेत. ‘मला काही येत नाही’ असं तुमची आई म्हणाली तर हट्ट करू नका. माळ्यावरचं जातं खाली काढा, मूठभर ज्वारी टाका आणि तिच्या जोडीला तिच्या वयाची एक बाई बसवा. खुंटा हातात आला की ओळी आपोआप येतात, कारण त्या शिकताना हात फिरतच होता. मध्ये थांबवून अर्थ विचारू नका. अर्थ नंतर विचारता येतो.

जी आई कुटुंबाची कर्ती असते तिच्याबद्दल लिहिताना फक्त मुलांना विचारून भागत नाही. सुनांना विचारा. माझ्या मते हा या कामाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत गरजेचा भाग आहे. मुलांना आई आठवते ती ताट वाढणारी. सुनेला ती किल्ल्या कमरेला लावलेली आठवते. एका सुनेला तिने नोकरी करू दिली, दुसरीला माहेरी जाऊ दिलं नाही, असं दोन्ही एकाच बाईबद्दल खरं असू शकतं. सुनांच्या आठवणी वेगळ्या बसून घ्या, नवऱ्यासमोर नाही, आणि त्यांच्या शब्दांत लिहा. घरकाम करणाऱ्या मावशींनाही विचारा. थोरामोठ्यांना अवघड वाटेल असं काही निघालं तर लगेच खोडू नका. ज्यांच्याबद्दल ते आहे ती माणसं हयात असतील तर त्यांची संमती घ्या. मिळाली नाही तर ते पान वेगळ्या पाकिटात ठेवा, छापू नका. गेलेल्या बाळांबद्दल विचारताना फार हळुवार असा. कित्येक आयांची एक-दोन मुलं लहानपणीच गेलेली असतात आणि पुढे कोणीही त्यांचं नाव काढलेलं नसतं. ती बोलली तर त्यांचीही नावं वंशावळीत येऊ द्यात. ती गप्प झाली तर फोन बंद करून चहा टाका. आणि जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला तर ध्वनिमुद्रण थांबवलेलंच बरं. त्या वादाचा पुरावा म्हणून कोणी ही वही वापरू लागलं तर पुढे कोणीच मोकळं बोलणार नाही.

आई नुकतीच गेली असेल तर काही गोष्टी दुःखातही लगेच कराव्या लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्या वेळी नावाचं स्पेलिंग आणि मधलं नाव आधार, पासबुक, सातबारा यांच्याशी जुळवून घ्या. पुढे वारस नोंदीला होणारी धावपळ टळते. तिचा मोबाइल फॉर्मेट करू नका, कोणाला वापरायला देऊ नका आणि नंबरचा रिचार्ज चालू ठेवा. वापरात नसलेलं सिम कंपन्या बंद करतात, आणि बराच काळ न उघडलेलं व्हॉट्सअपचं खातंही काढून टाकलं जातं. तिने पाठवलेले आवाजातले निरोप आधी दुसरीकडे उतरवून घ्या. ‘जेवलास का’ एवढाच निरोप असला तरी ठेवा. साड्या वाटण्याआधी एकेका साडीचा फोटो काढा आणि ती कुठल्या प्रसंगाची ते लिहा. विडी कामगाराचं ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधीचे कागद, जुनं रेशनकार्ड, दवाखान्याची फाइल, लग्नातल्या आहेराची वही, हे ‘आता काय उपयोग’ म्हणून रद्दीत टाकू नका. आहेराच्या वहीत तर त्या काळचा सगळा गोतावळा सापडतो : कोणी भांडं दिलं, कोणी सव्वा रुपया दिला, कोण आलंच नाही.

भेटायला येणाऱ्यांचे ते दिवस आठवणी गोळा करायला सगळ्यांत चांगले. आलेला माणूस एक तरी गोष्ट सांगतोच. घरातल्या एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाला किंवा नातीला वही घेऊन कोपऱ्यात बसवा. सांगणाऱ्याचं नाव, आईशी नातं, फोन नंबर आणि गोष्ट एवढं पुरे. लहानांनाही त्या दिवसांत करायला काही हवं असतं.

फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. डावीकडून उजवीकडे कोण उभं आहे, फोटो कुठे काढला, अंदाजे कोणतं साल, एवढं हवं. आईला दाखवून विचारताना अल्बम एका बैठकीत संपवायची घाई नको. वयस्कर माणूस पाऊण तासात थकतो, आणि चांगल्या गोष्टी दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला निघतात.

जमलेल्या सगळ्याचं पुस्तकच व्हायला हवं असं नाही. चाळीस-पन्नास पानांची पुस्तिका वर्षश्राद्धापर्यंत सहज होते. नाही झाली तर वहीच्या झेरॉक्स काढून बांधून घ्या. ध्वनिमुद्रणाच्या प्रती तीन ठिकाणी, तीन वेगळ्या घरांत ठेवा, आणि त्यातलं एक घर मुलीचं असू द्या. आपल्याकडे आईच्या वस्तू थोरल्या मुलाकडे राहतात आणि लेकीला एखादी साडी मिळते. वहीच्या बाबतीत तसं करू नका. छापायच्या आधी मसुदा सगळ्या भावंडांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवा. ‘असं नव्हतं, तसं होतं’ असं कोणीतरी म्हणेलच. तो वाद तिथे मिटवायची गरज नाही. दोन्ही बाजू सांगणाऱ्याच्या नावासकट लिहा आणि शेवटी दहा-बारा पानं कोरी सोडा. पुस्तिका हातात पडल्यावर अक्कलकोटहून, पुण्याहून, सुरतेहून फोन येऊ लागतात, आणि त्यातल्या काही गोष्टी तुम्ही आधी कधीच ऐकलेल्या नसतात.